जिवंत माणसाचे खांदेकरी

शुक्रवारी दुपारी ऑफिसच्या कँटीनमध्ये आमचा नेहमीचा वाद रंगला होता. विषय : आपल्याकडे चांगले युद्धपट का होत नाहीत. (रिलीज आदल्या दिवशीच झालेला, त्यामुळे सगळे निवांत.) मी सहज म्हणालो, की एखादा पिक्चर स्ट्रेचरवाल्यांवर काढायला पाहिजे. गोळीबार चालू असताना हातात शस्त्र न घेता पुढे जायचं आणि पडलेल्या माणसाला उचलून मागे आणायचं, हे काम करणाऱ्यांवर. त्यावर आमचा एक मित्र वडापावचा घास तोंडात तसाच ठेवून म्हणाला, "अरे, स्ट्रेचरवाला म्हणजे वॉर्डबॉय ना? त्याच्यावर कसला पिक्चर काढतोस? कोण बघणार?"

सगळे हसले. खोटं कशाला सांगू, मीही हसलो. पण ऐरोलीहून कोपरखैरण्याला घरी येईपर्यंत ते वाक्य डोक्यातून गेलं नाही. आणि का गेलं नाही, याला माझ्यापुरतं एक कारण आहे. ते शेवटी सांगतो, कारण त्यात माझी स्वतःची फारशी शोभा नाही.

आधी मित्राचा मुद्दा निकालात काढू. कोण बघणार? तर 'हॅक्सॉ रिज' हा पिक्चर २०१६ मध्ये जगभर लोकांनी बघितला. त्याचा नायक डेस्मंड डॉस हा अमेरिकन सैन्यातला वैद्यकीय मदतनीस. धर्मश्रद्धेमुळे त्याने बंदुकीला हात लावायचं नाकारलं आणि १९४५ साली ओकिनावाच्या कड्यावरून पाऊणशे जखमी माणसं दोराने खाली उतरवली. आमच्या त्याच मित्राच्या लॅपटॉपवर मी तो पाहिलाय! म्हणजे अडचण प्रेक्षकांची नाही. अमेरिकन माणसाने जखमीला उचललं की तो हीरो, आणि आपल्याकडच्या माणसाने उचललं की वॉर्डबॉय, ही खरी अडचण आहे.

आता जरा शब्दाकडे बघा. आपल्या भाषेत माणसं वाहून नेणाऱ्याला जुना, चांगला शब्द आहे : भोई. पण आपण तो वापरतो कसा? "आम्ही काय, पालखीचे भोई." म्हणजे मान पालखीत बसलेल्याचा आणि घाम आमचा. इंग्रजांच्या फौजेबरोबरही असेच भोई आणि कहार असायचे. जखमींना डोलीत घालून न्यायचे, म्हणून त्यांना डोलीवाले म्हणत. पुढे त्यांचं रीतसर 'आर्मी बेअरर कोअर' झालं. नाव बदललं, हुद्दा तोच राहिला : फॉलोअर. म्हणजे फौजेच्या मागून चालणारा. स्वयंपाकी, भिस्ती, खेचरवाला, झाडूवाला आणि स्ट्रेचरवाला, सगळे त्याच यादीत. पगार शिपायापेक्षा कमी, कपडालत्ता कमी, पेन्शन कमी. पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानातून साडेपाच लाखांवर माणसं अशी 'बिनलढाऊ' म्हणून भरती झाली. १९१७ मध्ये माणसं मिळेनाशी झाली, तेव्हा कुठे स्ट्रेचरवाले आणि खेचरवाले यांची परिस्थिती शिपायाच्या जरा जवळ आणण्यात आली. सरकारला उपरती झाली म्हणून नव्हे. माणूस टिकेना म्हणून. (आपल्याकडे ॲट्रिशन वाढलं की एचआरला अचानक जाग येते, तसंच.)

'मागून चालणारा' हा शब्द मला विशेष खुपतो. कारण स्ट्रेचरवाला मागून चालतच नाही. हल्ला झाला, माणसं पडली, बाकीचे आडोशाला गेले किंवा माघारी आले, की त्यानंतर जो उलट दिशेने आत जातो तो हा. शिपायाला गोळीबार सुरू झाला की जमिनीवर आडवं होता येतं. स्ट्रेचरवाल्याला येत नाही, कारण त्याचे दोन्ही हात दांड्याला आहेत आणि दांड्यावर माणूस आहे. त्याने हात सोडले तर तो माणूस दगडावर आपटतो. पळता येत नाही, कारण धक्का बसला की मोडलेलं हाड आतून कापत जातं. म्हणजे गोळ्या चालू असताना उभ्याने, सावकाश, एकमेकांच्या पावलाला पाऊल जुळवत चालायचं. हे मी पुस्तकातून सांगतोय. पण एक स्ट्रेचर मी स्वतः उचललंय, गोळ्यांशिवाय. तेवढ्यानेही कल्पना येते.

आता आपल्या मातीतलं उदाहरण. २२ नोव्हेंबर १९१५, इराकमधलं टेसिफॉन, बगदादच्या अलीकडे. जनरल टाउनशेंडच्या सहाव्या डिव्हिजनने तुर्कांवर हल्ला केला. या डिव्हिजनमध्ये ११७वी मराठा, १०३वी आणि ११०वी मराठा लाइट इन्फन्ट्री अशा तीन मराठा पलटणी होत्या. सातारा, कोल्हापूर, रत्नागिरीकडची पोरं. (साताऱ्याजवळचं अपशिंगे मिलिटरी तुम्हाला ठाऊक असेल. त्या एका गावातले ४६ जण पहिल्या महायुद्धात गेले असं तिथला दगड सांगतो.) टेसिफॉनला साडेचार हजारांच्या आसपास माणसं मेली किंवा जखमी झाली. आणि जखमींना न्यायला काय होतं? स्ट्रेचर आणि माणसं अपुरी, मोटार ॲम्ब्युलन्सचं नाव नाही. मग बिनस्प्रिंगच्या खेचरगाड्या, ज्यात एरवी दाणापाणी नेत. मांडी मोडलेला माणूस त्या गाडीत टाकून कित्येक मैल उघड्या वाळवंटातून नदीकाठी आणला गेला, आणि तिथून बोटीत.

त्यातल्या 'मेजिदिया' नावाच्या बोटीबद्दल मेजर कार्टर या डॉक्टरने दिलेली साक्ष प्रसिद्ध आहे. बसऱ्याला बोट येताना दुरून त्याला वाटलं, की बाजूने दोर लोंबताहेत. जवळ आल्यावर कळलं, की ती वाळलेली विष्ठा होती. शेकडो जखमी दाटीवाटीने डेकवर पडलेले, उठवायला-बसवायला कोणी नाही. कार्टरने याविरुद्ध आवाज उठवला तर वरिष्ठांनी त्यालाच अटकेची धमकी दिली. शेवटी १९१७ साली मेसोपोटेमिया कमिशनचा अहवाल आला आणि भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेनला राजीनामा द्यावा लागला. म्हणजे जखमींना उचलणारे हात कमी पडले या गोष्टीने ब्रिटिश मंत्री घरी गेला! आणि माझा मित्र विचारतो, वॉर्डबॉयवर कसला पिक्चर.

जे हात होते त्यांचं काय झालं? हीच डिव्हिजन मागे सरून कुतमध्ये अडकली आणि २९ एप्रिल १९१६ रोजी शरण गेली. शरण गेलेल्या सुमारे तेरा हजारांत तीन हजारांहून जास्त फॉलोअर होते. पुढे वाळवंटातून पायपीट, उपासमार, रोगराई. हजारो परत आलेच नाहीत. टाउनशेंडसाहेब मात्र इस्तंबूलजवळ एका बेटावर बंगल्यात, पाहुण्यासारखा.

याच काळातली दुसरी गोष्ट. गॅलिपोलीला जॉन सिम्प्सन नावाचा एक ऑस्ट्रेलियन स्ट्रेचरवाला होता. गाढवावर बसवून जखमींना खाली आणायचा. २५ एप्रिल १९१५ ला उतरला, १९ मे ला मारला गेला. जेमतेम साडेतीन आठवडे. पण आज ऑस्ट्रेलियातल्या शाळकरी पोराला विचारा, तो सिम्प्सनची गोष्ट सांगेल. कॅनबेराच्या युद्धस्मारकापाशी गाढवासकट त्याचा पुतळा आहे. आता गंमत बघा. हा सिम्प्सन तळ ठोकून राहायचा कुठे? तर हिंदुस्थानी पहाडी तोफखान्याच्या खेचरवाल्यांमध्ये. त्यांनी त्याला 'बहादूर' म्हणायला सुरुवात केली. म्हणजे त्याला बहादूर ठरवणारे आपले लोक. त्यांच्यापैकी एकाचं तरी नाव तुम्हाला माहीत आहे? मलाही नाही.

मला ठाऊक आहे, आता काही जण म्हणतील, "ते सगळे इंग्रजांसाठी लढले. आपण कशाला गळा काढायचा?"

हा आक्षेप मी हसण्यावारी नेत नाही. पण तो नेमका स्ट्रेचरवाल्याला लागू पडत नाही. त्याने इंग्रजांसाठी कोणाला मारलं नाही. त्याने उचलला तो आपल्याच गावचा माणूस. आणि साम्राज्याचा हिशोबच करायचा असेल तर आधी गांधीजींकडे जावं लागेल. १८९९ च्या बोअर युद्धात त्यांनी नाताळमध्ये हिंदी लोकांचं रुग्णवाहक पथक उभारलं. सुमारे ११०० माणसं. त्यातले तीनेकशे स्वतंत्र हिंदी, बाकीचे आठशे गिरमिटिया मजूर. करार असा, की गोळीबाराच्या टप्प्यात त्यांना न्यायचं नाही. पण स्पियाँ कोपला माणसं पडायला लागली तेव्हा जनरल बुलरचा निरोप आला, की तुमच्यावर बंधन नाही, पण आलात तर उपकार होतील. सगळे गेले. जखमींना घेऊन दिवसाला वीस-पंचवीस मैल चालले. युद्ध संपल्यावर पदकं मिळाली ती ३७ म्होरक्यांना. आठशे गिरमिटियांनी तेच स्ट्रेचर उचललं, त्याच खांद्यावर. गांधीजींनी आपलं पदक १९२० मध्ये सरकारला परत केलं, हे आपल्याला शाळेत शिकवलं. ज्यांना परत करायला पदकच मिळालं नाही त्यांचा धडा नव्हता.

दुसरा आक्षेप जास्त चलाख आहे. "त्यांना पोटासाठी जावं लागलं. सक्तीने केलेल्या कामाला शौर्य कसं म्हणायचं?" अहो, पण मग शिपाई तरी कशासाठी गेला होता? तोही दुष्काळी पट्ट्यातून पगारासाठीच. त्याच्या शौर्याला आपण पोवाडे गातो, तेव्हा पगाराची स्लिप मागत नाही. नोकरी पोटासाठी असू शकते. पण बाहेर पडलेल्या माणसासाठी दुसऱ्यांदा खंदकाबाहेर जाणं, हे कुठल्याही पगारात बसत नाही.

तिसरा आक्षेप माझ्या वडिलांचा. ते म्हणाले, "अरे, पण आपण मानतो की अशा माणसांना. नामदेव जाधव!" बरोबर. नगर जिल्ह्यातले (आता अहिल्यानगर) नामदेव जाधव, पाचवी मराठा लाइट इन्फन्ट्री, पहिली बटालियन. ९ एप्रिल १९४५, इटलीतली सेनिओ नदी. कंपनीचा निरोप्या असलेल्या या शिपायाने एका जखमीला भर गोळीबारात खोल पाण्यातून, उभ्या बांधावरून, सुरुंगांच्या पट्ट्यातून सुखरूप आणलं. परत जाऊन दुसऱ्याला आणलं. मग तिसऱ्यांदा जाऊन शत्रूची तीन मशीनगन ठाणी उडवली, हाताला गोळी लागल्यावर बंदूक टाकून हातबॉम्ब फेकले आणि बांधावर उभं राहून शिवाजी महाराजांचा जयघोष करत मागच्या कंपन्यांना बोलावलं. व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. योग्यच मिळाला.

पण ही गोष्ट व्हॉट्सॲपवर येते तेव्हा कशी येते ते आठवा. तीन मशीनगन. जयघोष. ते दोन जखमी एका ओळीत उरकलेले असतात, किंवा नसतातच. मी बाबांना विचारलं, "समजा दुसऱ्या जखमीला आणल्यावर ते तिथेच थांबले असते, तर आपल्याला त्यांचं नाव माहीत असतं?" बाबा थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "बहुतेक नसतं." तेच तर म्हणतोय मी.

हे अशक्य नव्हतं, बरं का. त्याच ब्रिटिश फौजेत विल्यम कोल्टमन नावाचा स्ट्रेचरवाला होता. पहिल्या महायुद्धात साध्या सैनिकांमध्ये सर्वात जास्त पदकं मिळवणारा ब्रिटिश माणूस. व्हिक्टोरिया क्रॉस, वर दोन प्रकारची पदकं दोनदोनदा. एकही गोळी न झाडता. म्हणजे साहेबाला हे शौर्य मोजता येत होतं. फक्त ते गोऱ्या खांद्यावर असायला हवं होतं.

आणि आपण स्वतः तरी काय केलं? सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये काँग्रेसच्या वैद्यकीय पथकातून चीनला गेले, सलग तीन-तीन दिवस न झोपता शस्त्रक्रिया केल्या आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी तिथेच वारले. वय ३२. शांतारामबापूंनी त्यांच्यावर पिक्चर काढला. कोटणीसांबद्दल मला निस्सीम आदर आहे. पण त्यांच्या टेबलापर्यंत ते शेकडो जखमी आले कसे? डोंगरातून, रात्रीच्या अंधारात, गावकऱ्यांच्या खांद्यावरून. कोटणीस असते तर त्यांनीच हे आपल्याला आधी सांगितलं असतं. डॉक्टर थोर असतो, पण तो पोचलेल्या माणसालाच वाचवतो.

आता 'नशिबा'बद्दल. स्ट्रेचरवाल्यांचं नशीब, असं म्हटलं की वाटतं दैवाने काहीतरी वाईट केलं. दैवाने नाही केलं. कारकुनांनी केलं. बसऱ्याला पहिल्या महायुद्धाचं मोठं स्मारक आहे, चाळीस हजारांवर मृतांचं. त्यावर ब्रिटिश शिपायाचं पूर्ण नाव. हिंदी अधिकाऱ्यांचीही नावं. पण साधा हिंदी शिपाई असेल तर पलटणीचं नाव आणि पुढे फक्त आकडा, इतके इतके इतर. शिपायाची ही गत, तर फॉलोअरला कोण विचारतो? २०२१ साली कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनने स्वतःच अहवाल काढून कबूल केलं, की आशिया-आफ्रिकेतल्या ४५ ते ५४ हजार मृतांना असमान वागणूक दिली गेली, आणि आणखी किमान १,१६,००० माणसांचं नावाने किंवा अजिबातच स्मरण केलं गेलं नाही. हा दुसरा आकडा साडेतीन लाखांपर्यंत असू शकतो. माफी मागितली, चांगलं झालं. पण शंभर वर्षं लागली.

"गेले ते दिवस" म्हणू नका. १९४९ च्या पहिल्या जिनिव्हा करारात जखमी शोधणाऱ्या, उचलणाऱ्या, वाहून नेणाऱ्यांना स्पष्ट संरक्षण आहे. कलम २४ आणि २५. तरी २३ मार्च २०२५ रोजी गाझातल्या रफाहमध्ये जखमींना आणायला निघालेले १५ मदत कर्मचारी मारले गेले, त्यातले ८ रेड क्रेसेंटचे. गाड्यांचे दिवे चालू होते. आणि आपल्याकडे? नियंत्रण रेषेवर आपल्या चौक्यांना पाणी, दाणागोटा, दारूगोळा पाठीवरून पोचवणारे आणि जखमींना खाली आणणारे पोर्टर आहेत. वर्षानुवर्षं हंगामी. त्यांच्या उपचारांची, अपंगत्वाच्या आणि मृत्यूच्या भरपाईची नीट योजना करा, हे सर्वोच्च न्यायालयाला २०१७ च्या जानेवारीत सरकारला सांगावं लागलं. 'फॉलोअर' शब्द गेला, 'कॅज्युअल' आला. कॉन्ट्रॅक्टवर काम करणाऱ्या माझ्या वाचकांना यातली मेख जास्त सांगायला नको.

आता ते सुरुवातीला राहिलेलं कारण.

दोन वर्षांपूर्वी आम्ही नेरळजवळ पेबला ट्रेकला गेलो होतो. उतरताना ग्रुपमधल्या एकाचा घोटा मोडला. पाय उलटाच फिरला होता. आम्ही सगळे जिमवाले, पण बांबू आणि दोराची डोली करून त्याला उचलल्यावर दहा मिनिटांत आमची हवा गेली. पुढच्याला मागचं दिसत नाही, मागच्याला पायाखालचं दिसत नाही. एकाचा पाय घसरला की वरचा किंचाळायचा. खांद्याला दांडा असा रुततो की दुसऱ्या दिवशी शर्ट घालवत नाही. तेवढ्यात खालच्या वाडीतले दोघे भेटले. त्यांनी काही न विचारता पुढचा दांडा घेतला. अनवाणी. जवळजवळ सगळी उतरण त्या दोघांनी काढली, आम्ही मागच्या बाजूला आळीपाळीने. खाली रिक्षात मित्राला ठेवला. आम्ही पैसे काढले तर एकाने हात मागे घेतला आणि म्हणाला, "पेशंटला न्या आधी." आणि ते वर निघून गेले.

त्या रात्री आम्ही फोटो टाकले. ग्रुपमधल्या सगळ्यांना टॅग केलं, आडनावांसकट. खाली मी, होय, मीच लिहिलं होतं : "स्थानिकांच्या मदतीने सुखरूप खाली आणलं."

स्थानिकांच्या मदतीने. बसऱ्याच्या दगडावर निदान आकडा तरी आहे.

त्यानंतर १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडी गेली. आपल्यापासून तासाभरावर. गाडीरस्ता नव्हता, माणसं पायी चढली आणि जखमींना खांद्यावर घेऊन उतरली. नवी मुंबई अग्निशमन दलाचे एक अधिकारी चढतानाच हृदयविकाराने गेले. टीव्हीवर खाली येणारं प्रत्येक स्ट्रेचर बघताना मी फक्त दांड्याखालचे चेहरे बघत होतो. चॅनेलवाले वरचाच दाखवत होते.

म्हणून सांगतो, पिक्चर निघेल तेव्हा निघेल. मेल्यावर खांदा देणाऱ्या चौघांची नावं आपल्या गावात पिढ्यान्‌पिढ्या लक्षात ठेवतात. जिवंत माणसाला खांदा देणाऱ्याचं नाव विचारायला काय जातं? मी गेल्या पावसाळ्यानंतर पुन्हा त्या वाडीत गेलो होतो. दोघांपैकी एक भेटला. नाव विचारलं, त्याने सांगितलं, वर "कशाला हवंय?" असंही विचारलं. मला धड उत्तर देता आलं नाही. त्याला विचारल्याशिवाय नाव इथे छापणं बरं नाही, म्हणून लिहीत नाही. पण माझ्या फोनमध्ये आता ते आहे. दुसरा कामाला कर्जतला गेला होता. त्याचं अजून राहिलंय.

असो. पटलं तर बघा, नाही पटलं तर सोमवारी कँटीनमध्ये भांडू.